परवानगीआधीचं भूमिपूजन

मलिंगारहून आमच्या गावाकडे येताना एका वळणानंतर घरं संपतात आणि नुसती कुरणं सुरू होतात. ती तशीच राहावीत म्हणून कौन्सिलनं नियम केला आहे. शहराभोवतीच्या या हिरव्या पट्ट्यात हौस म्हणून कुणी घर बांधायचं नाही. ज्याचं काम इथे आहे, ज्याला इथेच राहण्याची गरज आहे, त्यानं अर्ज करायचा आणि ती गरज पटवून द्यायची. मी कॉलेजात भूगोल शिकते. पहिल्याच वर्षी सरांनी हा नियम नकाशावर दाखवला होता, आणि त्यात आमचं गाव तिरप्या रेघांखाली होतं. का कोण जाणे, मला हात वर करून सांगावंसं वाटलं, की मी तिथलीच. पण मी काही बोलले नाही. नियम मात्र मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो. फक्त पुढे तो आम्हालाच लागू होईल असं वाटलं नव्हतं.

पप्पा इथल्या एका डेअरी फार्मवर काम करतात. ते आधी या देशात आले, मग मी सातवीत असताना आई आणि मी सांगली जिल्ह्यातून आलो. इथे भेटणारी मराठी माणसं बहुतेक डॉक्टर असतात. गणपतीला एखाद्या हॉलमध्ये सगळे जमले की काकू लोक विचारतात, "बाबा कुठल्या डिपार्टमेंटला?" मी सांगते, "गाईंच्या." त्या हसतात, मग मी हसत नाही हे बघून "अरे वा" म्हणतात. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे घरात इंग्रजीतलं काहीही आलं, विजेचं बिल असो की गोळ्यांच्या डबीवरची सूचना, ते माझ्यापुढे येतं. "तू कॉलेजात हायस न्हवं, वाच की," असं पप्पा म्हणतात. त्यात चेष्टा नसते.

आम्ही फार्मच्या दुसऱ्या टोकाला मालकाच्या जुन्या घरात राहायचो. मालकाचा मुलगा परदेशातून परत यायचा होता आणि ते घर त्याला हवं होतं. जवळपास भाड्यानं काही मिळेना. मिळायचं ते लांब शहरात, आणि वासरं जन्मायच्या दिवसांत लांब राहून पप्पांचं काम होण्यासारखं नाही. गाय अडली तर माणूस लगेच लागतो. तेव्हा मालकानंच गोठ्याशेजारच्या शेताचा कोपरा आम्हाला द्यायचं ठरवलं. परवानगी मिळाली तर घर. नाही मिळाली तर पप्पांना दुसरी नोकरी आणि आम्हाला दुसरं गाव.

अर्ज गेला. आर्किटेक्टनं नकाशे काढले, मी आमच्या गरजेचं पान लिहिलं. ते लिहिताना मी फार अडखळले. "माझे वडील गाई सांभाळतात" याच्यापुढे काय लिहायचं ते कळेना. ते गाईंना मराठीतून हाका मारतात आणि गाई येतात, हे कौन्सिलला उपयोगाचं होतं का? मी ते लिहिलं नाही. नियमाप्रमाणे गेटवर पांढरी पाटी लागली. येणाजाणाऱ्या कुणालाही ती वाचता यावी आणि हरकत असेल तर घेता यावी, यासाठी असते ती. रोज कुणी ना कुणी गाडी हळू करून वाचायचं. पप्पा संध्याकाळी सांगायचे, "आज युअर मॅन थांबला होता." इथे नाव न घेता ज्याच्याबद्दल बोलायचं तो युअर मॅन. पप्पांनी हा शब्द असा उचलला आहे, की त्यांच्या तोंडी आता अर्धं गाव युअर मॅन आहे.

आणि मधेच अक्षय्य तृतीया आली.

आईनं विषय काढला तेव्हा ती भाकरी थापत होती. "तीजेला भूमिपूजन करून घेऊया."

मी म्हटलं, "आई, अजून परवानगी आली नाही."

"परवानगी येईल तवा येईल. मुहूर्त थांबतोय का? आणि आपण काय भिंत बांधतोय? पाच विटा ठेवायच्या, नारळ ठेवायचा, हात जोडायचे."

पप्पा म्हणाले, "तिचं बरोबर हाय. त्यात कौन्सिलचं काय जातंय?"

मला कॉलेजची एक असाइनमेंट द्यायची होती. शनिवारी मी होस्टेलवरच राहिले आणि पूजेच्या दिवशी, रविवारी, सकाळच्या पहिल्या ट्रेननं निघाले. माझ्या डोळ्यांसमोर ओंजळभर खड्डा होता.

शेताशी पोचले तेव्हा मी गेटपाशीच थांबले. शेताच्या कोपऱ्यात आमचं घर होतं. म्हणजे भिंती नव्हत्या, पण घर होतं. गाई बसतात तिथे टाकायला जो चुना असतो, त्याची फक्की मारून पप्पांनी हिरव्यागार गवतावर सबंध घर आखलं होतं. स्वयंपाकघर, दोन खोल्या, दारांच्या जागा सोडलेल्या. ईशान्येला खड्डा होता. वरची माती भुसभुशीत लागली म्हणून पप्पांनी फार्मचं छोटं खोदयंत्र आणून घट्ट जमीन लागेपर्यंत खणलं होतं. आमच्याकडे तसंच खणतात. मातीचा ढीग बाजूला, खड्ड्याला झेंडू, आत पाच विटा. रस्त्यावरून बघणाऱ्याला हे काय वाटेल, हे मला त्या क्षणी कळलं. पण आई काठापदराच्या साडीवर पप्पांचं जॅकेट घालून, पायात गमबूट घालून, चुन्याच्या रेघांमधून चालत होती. दारातून आत जायची, दारातूनच बाहेर यायची, कुठेही रेघ ओलांडत नव्हती. मला बघून म्हणाली, "तिथनं कुठं येतीस? भिंत हाय ती. दारातनं ये."

मी दारातून गेले.

पूजा फोनवरून झाली. गावाकडचे गुरुजी मंत्र म्हणत होते, वाऱ्यानं निम्मे ऐकू येत नव्हते. पप्पांनी फार्मवरचंच दूध वाहिलं. सगळं आटपल्यावर मी हळूच म्हटलं, "पप्पा, नकाशात दार रस्त्याकडे आहे. तुम्ही पूर्वेकडे केलंय. घरच फिरवलंय तुम्ही."

"नकाशा कौन्सिलसाठी असतोय," पप्पा म्हणाले. "घर आपल्यासाठी."

ते हे लबाडीनं म्हणत नव्हते. सांगलीकडच्या आमच्या गावात घरं अशीच होतात. ग्रामपंचायतीत एक कागद जातो आणि गवंडी आल्यावर जागेवर उभं राहून घर ठरतं. त्यांना वाटलं इथेही तसंच असणार.

पुढच्या आठवड्यात आर्किटेक्टचा फोन आला. परवानगीआधीच बांधकाम सुरू झालं, अशी कुणीतरी कौन्सिलकडे तक्रार केली होती. कौन्सिलची ऑफिसर जागा बघायला येणारच होती, ती आता लवकर येणार होती. आर्किटेक्ट शांत माणूस आहे, पण त्या दिवशी त्यानं मला दोनदा विचारलं, "पाया घातलाय का तुम्ही?" मी म्हटलं, "नाही. म्हणजे, विटा आहेत." विटा कुठे, किती, ते त्यानं विचारून घेतलं. मग म्हणाला, की काम सुरू केलंय असं तिचं मत झालं तर अर्ज तिथेच संपू शकतो.

मी लगेच घरी आले. मालक स्वयंपाकघरात चहा पीत बसला होता. त्याला सगळं कळलेलं होतं. गावात कळायला वेळ लागत नाही.

"सोपं आहे," तो म्हणाला. "विटा काढ, फुलं काढ, चुन्यावरून लोडर फिरव. खड्डा राहू दे. सेप्टिक टँकसाठी जमीन तपासायला खड्डे खणावेच लागतात, ते परवानगीआधीच खणतात. हा त्यातलाच एक म्हणून सांग. ग्रँड." इथे सगळं मिटलं की ग्रँड म्हणतात.

खरोखरच सोपं होतं. दोन महिन्यांपूर्वी तसे खड्डे त्याच शेतात खणलेही होते. मी पप्पांना मराठीत सांगितलं, तर ते म्हणाले, "कळलं मला." आईला नीट सांगावं लागलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "पुजलेली वीट हलवायची नसते."

"हलवली नाही तर घर जाईल," मी म्हटलं.

"हलवली तर घर कशावर बांधणार?"

पप्पा खिडकीतून गोठ्याकडे बघत होते. त्यांचा हात सारखा टेबलावर फिरत होता, जसा ते गाईच्या पाठीवरून फिरवतात. मग ते मालकाकडे वळून त्यांच्या इंग्रजीत म्हणाले, "आणि तिनं आत वाकून बघितलं तर? आत नारळ आहे. जमीन तपासायला नारळ लागतो असं सांगू?"

मालक चहा सांडेपर्यंत हसला. आईसुद्धा हसली, तिला सगळं कळलं नव्हतं तरी. पण हसून झाल्यावर पप्पा मला म्हणाले, "जे हाय ते सांगू. तू सांगशील न्हवं? तुला जमतंय ते."

मला जमतं असं मला वाटत नव्हतं. कॉलेजात साधं एक उत्तर देताना माझा आवाज चिरकतो. पण हो म्हटलं.

ऑफिसर आली तेव्हा वारा पडला होता. तरुण होती, माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठी, गाडीतच बूट बदलून उतरली. त्याच वेळी समोरच्या घरातल्या बाई कुत्र्याला घेऊन फाटकाबाहेर आल्या. त्या एकट्या राहतात, जाता-येता पप्पांना हात करतात. रस्ता ओलांडून त्या सरळ आमच्याकडे आल्या आणि पप्पांना म्हणाल्या, "कौन्सिलला फोन मी केला होता. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं."

पप्पांनी मान हलवली. आई माझ्या कानाशी लागली, "काय म्हणतात?" मी सांगितलं. आई म्हणाली, "असू दे. तोंडावर सांगाय आल्या."

बाईंचं म्हणणं साधं होतं. खालच्या वळणावर एकानं परवानगी यायच्या आधीच यंत्र लावलं होतं आणि झाडाझुडपांचं सबंध कुंपण, जुनी काटेरी झाडं, पक्ष्यांची घरटी, सगळं एका दुपारी उपटून टाकलं होतं. इथेही रविवारी यंत्राचा आवाज आला तेव्हा त्यांना वाटलं, पुन्हा तेच. त्यांचं मला चूक म्हणता आलं नाही. नकाशात रस्त्याकडे नवं फाटक होतंच आणि त्यासाठी कुंपणाचा मोठा तुकडा जाणार होता.

ऑफिसर खड्ड्याशी गेली. फुलं वाळली होती, विटांवर हळदीकुंकवाचे डाग होते. तिनं आत वाकून बघितलं, बराच वेळ. मग माझ्याकडे बघून विचारलं, "हे काय आहे?"

मी सुरुवात केली आणि अडखळले. मी म्हटलं, आमच्यात घर बांधण्याआधी जमिनीला विचारतात. म्हणजे विचारतात असं नाही, माफी मागतात. तिला खणणार, तिच्यावर वजन ठेवणार, म्हणून. हा पाया नाही. पण हा तपासणीचा खड्डाही नाही. आम्ही थांबायला हवं होतं, ते आम्हाला कळलं नाही. माझा आवाज चिरकलाच. पण सगळं बोलून झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की एवढं सलग मी या देशात कुणा अनोळखी माणसाशी पहिल्यांदाच बोलले होते.

ती म्हणाली, "आणि पांढऱ्या रेघा?"

आता पप्पा पुढे आले. त्यांचं इंग्रजी गोठ्यात शिकलेलं आहे, वेस्टमीथच्या, म्हणजे या जिल्ह्याच्या, वळणाचं, आणि त्यात क्रियापदं कमी असतात. "दिस किचन," ते म्हणाले. "कम." आणि ते दारातून आत गेले. गंमत म्हणजे ऑफिसरही दारातून आत गेली. पप्पांनी तिला सगळं घर दाखवलं. पूर्वेचं दार, देवाची जागा, माझ्या अभ्यासाची खोली. मग कोपऱ्यातल्या खोलीत नेऊन एका जागी उभं केलं आणि बोटानं समोर दाखवलं. "बेड हिअर. विंडो हिअर. कॅल्व्हिंग शेड, लाइट."

मीही त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. वासरं जन्मतात तो गोठा तिथून नीट दिसत होता, दारावरच्या दिव्यासकट. पलंगावर उठून बसलं तरी दिसेल असा. नकाशातल्या घरातून तो दिसला नसता, तिकडे न्हाणीघर होतं. मी गरजेचं पान लिहिताना रखडले होते ते सगळं पप्पांनी चुन्यानं आधीच लिहून ठेवलं होतं आणि मला त्यात फक्त फिरवलेलं दार दिसलं होतं. मला फार अभिमान वाटला. रडू आलं असतं, पण ऑफिसर शेजारीच होती.

तिनं फाइल उघडली, नकाशा आडवा धरला, मग उभा. "पण अर्जातलं घर हे नाही."

 इथेच सगळं संपतंय असं मला वाटलं.

"तुम्हाला कुठलं बांधायचं आहे?" तिनं विचारलं.

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. अर्जातलं, असं म्हटलं असतं तर निदान अर्ज वाचला असता. मी म्हटलं, "हे. जिथे आपण उभे आहोत ते."

समोरच्या बाई इतका वेळ रेघांबाहेर थांबल्या होत्या. त्यांनी विचारलं, "या घराला यायची वाट कुठून?"

पप्पा म्हणाले, "फार्म गेट. ओल्ड गेट. नो न्यू गेट."

"म्हणजे कुंपणाला हात नाही लावायचा?"

"व्हाय टच?" पप्पा म्हणाले. त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

बाई कुत्र्याचा पट्टा सावरत ऑफिसरला म्हणाल्या, "मग माझी यावर काही हरकत नाही. त्या कागदावरच्या घरावर आहे."

ऑफिसरनं हसू दाबलं असावं. तिनं फोटो काढले, रेघांचे, खड्ड्याचे, नारळाचाही. जाताना एवढंच म्हणाली, की आता निर्णय होईपर्यंत एक फावडंही लावू नका, आणि कौन्सिलकडून जास्तीची माहिती मागणारं पत्र येईल, त्याला उत्तर म्हणून जमिनीवरचं घर कागदावर आणा. खड्ड्याचं राहिलंच होतं. मी विचारलं, "हा बुजवायचा का?" ती म्हणाली, "मी त्याला बांधकाम म्हणणार नाही. झाकून ठेवा, वासरू पडेल." पप्पांनी लगेच जुना दरवाजा आणून वर ठेवला.

मग आर्किटेक्टला बोलावलं. तो टेप घेऊन आला आणि चुन्याच्या घराची मापं घेत फिरला. पावसानं रेघा पुसट झाल्या होत्या, तिथे पप्पा बुटाच्या टाचेनं दाखवायचे. एकदा त्यानं विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंत?" पप्पा म्हणाले, "तुम्ही विचारलं नाही." तो म्हणाला, "ते खरं आहे." पुढे त्यांची चांगली दोस्ती झाली.

त्यानंतर वाट बघणं. उन्हाळा त्यातच गेला. मालकाचा मुलगा यायची तारीख पुढे ढकलत होता, त्याबद्दल आम्ही त्याचे कधी आभार मानले नाहीत, पण तो ते आमच्यासाठी करत होता असं मला वाटतं. आई शेताकडे जायची टाळायची. पप्पा मात्र रोज संध्याकाळी दूध काढून झाल्यावर तिकडून चक्कर मारून यायचे.

कॉलेज परत सुरू झालं. एका दुपारी लायब्ररीत बसून कौन्सिलचं संकेतस्थळ उघडलं, सवयीनं, आणि आमच्या अर्जापुढचा शब्द बदललेला होता. मंजूर. मी बाहेर जिन्यात येऊन पप्पांना फोन केला. मागे दूधयंत्राचा ठोका ऐकू येत होता.

"पप्पा, मिळाली."

त्यांनी यंत्र बंद केलं. मग म्हणाले, "बरं. ह्या गाई सोडतो आणि आईला सांगतो." आणि फोन बंद करायला विसरले. मी जिन्यात बसून बराच वेळ ऐकत होते. फाटक वाजलं, गाई निघाल्या, आणि पप्पा एकेकीला नावानं हाक मारून काहीतरी सांगत होते.

शनिवारी घरी गेले तेव्हा टेबलावर कागद माझ्यासाठी ठेवलेला होता. मालक आला होता, समोरच्या बाईही आल्या होत्या, आईनं सगळ्यांना शिरा दिला. मी अटी वाचत होते. कुंपण जसंच्या तसं ठेवायचं. छप्पर गडद रंगाचं हवं. सांडपाण्याचं काम नकाशाप्रमाणे. मग एक अट वाचताना मी थांबले.

"काय हाय?" पप्पांनी विचारलं.

"ही बंधनाची आहे," मी म्हटलं. "बरीच वर्षं हे घर दुसऱ्या कुणाला देता येणार नाही. विकता येणार नाही, भाड्यानं देता येणार नाही. अर्ज ज्यानं केला त्यानंच कुटुंबासह इथे राहायचं. तसं लेखी द्यावं लागेल."

मालक म्हणाला, "ती सगळ्यांनाच असते. लोकांना अजिबात आवडत नाही ती."

पप्पांनी चमचा खाली ठेवला. "म्हणजे इथंच राहायचं, असं त्यांनी सांगितलंय?"

"हो."

"लिहून?"

"हो, पप्पा. लिहून."

ते आईकडे बघून म्हणाले, "ऐकलंस का गं?" मग कागद माझ्याकडे सरकवला. "ते एकदा परत वाच. आधी इंग्रजीत वाच, मग आपल्यात सांग."

मी वाचलं.